पावाच्या वेष्टणावरील अंक

ब्रेडच्या वेष्टणावर बारीक टाइपात छापलेली अंकांची रांग पाहून ‘हे सारे विषच’ असा निवाडा देणारे सुविद्य गृहस्थ मला नेहमी भेटतात. परंतु धान्यरसायनाच्या अभ्यासात हयात घालविल्यावर माझे मत असे बनले आहे की, या अंकांनी दर्शविलेल्या द्रव्यांचा सरसकट धिक्कार जितका अशास्त्रीय तितकाच त्यांचा सरसकट स्वीकारही घातक, आणि प्रत्येकाची चौकशी त्याच्या कामावरून व पुराव्यावरून स्वतंत्रपणेच झाली पाहिजे.

मैदा मळला असता त्यातील प्रथिनांपासून ग्लुटेनचे जे चिवट जाळे तयार होते, त्यातच यीस्टने उत्पन्न केलेला वायू कोंडला जातो आणि पाव फुलतो. ताज्या दळणाच्या मैद्यात हे जाळे कमजोर असते. पूर्वी पिठाची पोती काही आठवडे कोठीत पडून राहत व हवेतील प्राणवायू ही उणीव आपोआप भरून काढी. कारखानदारीला तेवढी उसंत नव्हती, म्हणून पोटॅशियम ब्रोमेट आले. भट्टीत त्याचे ब्रोमाइड व्हावे अशी अपेक्षा. परंतु मात्रा चढली किंवा भाजणी अपुरी राहिली की त्याचा अंश पावात उरतो, आणि जपानी शास्त्रज्ञांच्या प्रयोगांत त्यामुळे उंदरांच्या मूत्रपिंडात अर्बुदे उद्भवल्याचे निष्पन्न झाले होते. ब्रिटनने 1990 मध्ये त्यास मज्जाव केला. आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने 2016 मध्ये 38 नमुने तपासून 84 टक्क्यांत ब्रोमेट वा त्याच कामाचे आयोडेट असल्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे त्याच वर्षी ब्रोमेटबाबत मनाईहुकूम निघाला. हा विलंब मला अक्षम्य वाटतो, कारण पर्याय केव्हाच हाताशी होता.

तो पर्याय म्हणजे क्रमांक 300, अर्थात क जीवनसत्त्व. एरवी ऑक्सिडीकरणाला विरोध करणारे हे द्रव्य कणकेत मिसळताच प्राणवायू आणि गव्हातीलच एक विकर यांच्या योगाने रूप पालटते व ग्लुटेनला बळकटी आणते. भट्टीच्या आचेत ते बहुतांशी नष्ट होते, सबब त्याच्या नावाने पौष्टिकतेची जाहिरात करणे मात्र गैर होय.

क्रमांक 282, कॅल्शियम प्रोपिओनेट, याची महती दमट पावसाळ्यात कळते. पावाचा गाभा भट्टीतही 100 अंशांपलीकडे तापत नसल्यामुळे पिठातील काही जिवाणूंची बीजुके जिवंत राहतात, आणि एक-दोन दिवसांत पाव मोडू जाता आतून चिकट तार सुटते व अतिपक्व खरबुजासारखा दर्प येतो. हे द्रव्य त्या जिवाणूंना आणि बुरशीलाही आवरते. त्यातील प्रोपिओनिक आम्ल स्विस चीजमध्ये निसर्गतःच असते.

राहिला क्रमांक 471, म्हणजे मेदाम्लांची मोनो- व डायग्लिसराइडे. पाव केवळ वाळल्यामुळे शिळा होतो ही समजूत फ्रेंच रसायनज्ञ बुसिंगो याने 1852 मध्येच खोटी ठरविली; पाणी कायम राहूनही स्टार्च पुन्हा स्फटिकरूप घेते, म्हणून तो कडक होतो. 471 या क्रियेला विलंब लावते, शीतकपाटातील थंडी तिला उलट वेग देते.

वाचकांना विनंती एवढीच की, वेष्टणावरचे अंक वाचावेत; आणि सुट्या लादीपावाला वेष्टण नसते, म्हणून आपल्या बेकरीवाल्याला तो कोणता ‘इम्प्रूव्हर’ वापरतो व त्यात काय आहे, हे अवश्य विचारावे.