फर्नांडो गेला त्या आठवड्यात

डॉजर्स या बेसबॉल संघाचा एकेकाळचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, फर्नांडो वालेन्सुएला २२ ऑक्टोबर २०२४ रोजी रात्री लॉस एंजेलिसमध्ये वारला. वय अवघं ६३. तीन दिवसांवर डॉजर्स आणि न्यूयॉर्क यँकीज यांच्यातली वर्ल्ड सीरीज, म्हणजे विजेतेपदाची मालिका, आली होती आणि सगळं शहर आधीच निळ्या टोप्या घालून हिंडत होतं. सकाळी आमच्या शेजारचे मेक्सिकन आजोबा कुंपणापाशी उभे होते. मला बघून एवढंच म्हणाले, "आमचा फर्नांडो गेला." घरातलं माणूस गेल्यावर सांगतात तसं.

संध्याकाळी त्यांना डॉजर स्टेडियमवर जायचं होतं. मुलगा कामावर होता, म्हणून मी गाडी काढली.

बेसबॉल मला इथं आल्यावर कळायला लागला, तोही आजोबांमुळे. त्यांच्या रेडिओवर स्पॅनिश समालोचन चालायचं आणि २००३ पासून त्यात फर्नांडोचा आवाज असायचा. सावकाश, मोजकं बोलणारा. त्या सप्टेंबरअखेर तो आवाज बंद झाला, तेव्हापासूनच आजोबा अस्वस्थ होते.

रस्त्यात आजोबा त्यांच्या मावशीबद्दल बोलत होते. आज जिथं स्टेडियम आहे त्या चावेझ रविनच्या टेकड्यांवर पूर्वी मेक्सिकन कुटुंबांच्या वस्त्या होत्या: पालो वेर्दे, ला लोमा, बिशप. सरकारी घरं बांधायची म्हणून १९५० नंतर लोकांना तिथून उठवलं. घरं काही बांधली नाहीत. पुढं जमीन डॉजर्सना मिळाली. १९५९ मध्ये शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं, आणि १९६२ मध्ये स्टेडियम उघडलं. मावशीचं घर पालो वेर्देत होतं. त्या मैदानात पाऊल टाकणार नाही, असं ती म्हणायची आणि वीसेक वर्षं तिनं ते पाळलं.

मग १९८१ उजाडलं. मोसमाच्या पहिल्या सामन्याचा ठरलेला पिचर जायबंदी झाला आणि वीस वर्षांच्या फर्नांडोला उभं केलं. सोनोरा प्रांतातल्या एत्चोवाकिला या खेड्यातल्या शेतकऱ्याचं बारावं लेकरू. जरा गोल अंगाचा, इंग्रजी न येणारा. चेंडू टाकण्याआधी डोळे वर आभाळाकडे लावायचा. ह्यूस्टनला त्यानं एकही धाव करू दिली नाही. सुरुवातीचे आठच्या आठ सामने जिंकले, त्यांतल्या पाचांत समोरच्यांची पाटी कोरी. त्याचं हत्यार म्हणजे स्क्रूबॉल. डावखुऱ्याचा नेहमीचा कर्व्हबॉल उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे वळतो. हा उलट बाहेर पळायचा. गुगलीवर चकलेला फलंदाज आपण पाहिलेला असतो, त्यामुळे ही गंमत मला आजोबांनी न सांगता समजली.

त्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवोदिताचा आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग, असे दोन्ही पुरस्कार मिळाले. एकाच मोसमात हे दोन्ही आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेले नाहीत. पण आजोबांच्या घरात सांगितली जाते ती गोष्ट वेगळी: त्या उन्हाळ्यात मावशीनं स्वतःहून तिकिटाचं विचारलं. मैदानात ती आधी बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिली. मग फर्नांडो आला आणि ती सगळ्यांबरोबर उभी राहून ओरडली. जमिनीचा राग तिचा गेला नाही, हेही आजोबांनी आवर्जून सांगितलं.

स्टेडियमच्या फाटकाशी पाटीखाली फुलांचा ढीग साचला होता. मेणबत्त्या, त्याच्या ३४ नंबरचे शर्ट, चेंडूंवर लिहिलेले निरोप, आणि झेंडू. मृतांच्या दिवसांसाठी मेक्सिकन घरांत झेंडू आणतातच. दसऱ्याला उरलेली माझ्या घरची फुलंही न्यायला हवी होती, असं वाटून गेलं.

लोक रडत होते, पण त्याहून जास्त बोलत होते. योगायोग असा की तो दिवस २३ ऑक्टोबरचा. १९८१ मध्ये याच तारखेला, याच मैदानावर, फर्नांडोनं वर्ल्ड सीरीजमध्ये यँकीजविरुद्ध १४७ चेंडू टाकले होते. डॉजर्स पहिले दोन सामने हरून आले होते. फर्नांडोचा त्या दिवशी हात बसत नव्हता. नऊ हिट, सात वॉक. तरी व्यवस्थापक लसोर्डानं त्याला काढलं नाही, आणि त्यानं सामना ५-४ असा काढून दिला. पुढचे तिन्ही जिंकून डॉजर्स विजेते झाले. फाटकाशी एक बाई ठामपणे म्हणत होत्या की पोराला काढायला हवं होतं, अशानंच त्याचा खांदा गेला. आजोबा चिडले. "मग जिंकलं कोणी असतं?" आजूबाजूचे चार-पाच जण दोन्ही बाजूंनी त्यात पडले.

फर्नांडोला १९९१ मध्ये डॉजर्सनी सोडून दिलं, तेही इथं कुणी विसरलेलं नव्हतं. मात्र त्याचा ३४ नंबर त्यानंतर संघानं कुणालाही घालू दिला नाही. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये तो समारंभानं निवृत्त केला. १७३ विजय आणि १५३ पराभव हे आकडे हॉल ऑफ फेमला थिटे वाटतात म्हणे. मला ते पटत नाही. त्याच्यामुळे मैदानात आलेली माणसं मी त्या फाटकाशी पाहिली आहेत.

डॉजर्सनी यँकीजना पाच सामन्यांत हरवलं. विजयाची मिरवणूक निघाली ती १ नोव्हेंबरला, फर्नांडोच्या वाढदिवशी. आजोबा पहाटेच तयार होऊन बसले होते. या वेळी मुलानं रजा काढली होती. मागच्या सीटवर माझ्यासाठी जागा ठेवली होती.