बूच चिरून बघा

इनव्हॉइसवर एकच ओळ होती : ‘वाइन अ‍ॅक्सेसरीज’. नाशिकजवळच्या एका छोट्या वायनरीचा कंटेनर न्हावा शेवाला तपासणीत अडकला होता. उघडला तेव्हा आत ओकची पिंपं, बुचं, फिरकीच्या टोप्या आणि चार डझन पेले. मालक फोनवर कळवळून म्हणाले, “मॅडम, सगळं वाइनचंच तर आहे!” टॅरिफच्या पुस्तकात मात्र यातली एकही वस्तू वाइनच्या चॅप्टरमध्ये नाही. प्रत्येक वस्तूचं वेगळं विवरण, कॅटलॉग आणि उत्पादकाचं पत्र देईपर्यंत नऊ दिवस गेले. कंटेनरचं भाडं चढतच होतं.

आयात मालाचं वर्गीकरण हे माझं रोजचं काम. बहुतेक घोळ ‘सगळं वाइनचंच’ या समजुतीतून होतात. वस्तू कोण विकत घेतो याला टॅरिफमध्ये फारसं महत्त्व नाही. ती मुळात काय आहे आणि कशाची बनली आहे, हे आधी बघावं लागतं. ओकचं पिंप लाकडाच्या ४४व्या चॅप्टरमध्ये, ४४१६ या हेडिंगला. तेच पिंप कापून हॉटेलसाठी टेबल-खुर्ची केली की ते ९४व्या चॅप्टरमधलं फर्निचर. रिकामी बाटली ७०१०, पेला ७०१३. काच दोन्हींची, पण एक माल भरायची आणि दुसरा टेबलावरचा. धातूची फिरकीची टोपी ८३०९. द्राक्षं पिळायच्या प्रेसचं हेडिंग ८४३५, आणि तिथे मात्र वाइनचं नाव मथळ्यातच आहे.

नव्या मुलांना शिकवताना मी बूच आणि चाकू घेऊन बसते. साध्या वाइनचं अखंड बूच उभं चिरलं की आत झाडाची सलग साल दिसते, रेघांसकट. ते ४५०३. मग शॅम्पेनचं बूच चिरायचं. वरचा जाड भाग बुचाचे दाणे चिकटवून केलेला, आणि तळाला, वाइन लागते त्या बाजूला, अखंड सालीच्या पातळ चकत्या. मुलं चकत्या बघून ४५०३ म्हणतात. पण बुचाचा बहुतेक भाग दाण्यांचा आहे. युरोपीय संघाच्या टॅरिफमध्ये तर चकत्या असलेलं हे बूच स्पष्ट उल्लेख करून ४५०४मध्येच घातलं आहे. प्लास्टिकचं बूच असेल तर ते थेट ३९२३.

खुद्द वाइन २२०४. ‘स्पार्कलिंग’ ठरायला बंद बाटलीत २० अंश सेल्सिअसला किमान ३ बार जादा दाब लागतो. लेबलवर काय छापलंय त्यावर ते ठरत नाही. पुढे भांडं बघायचं : २ लिटरपर्यंत, २ ते १०, की त्याहून मोठं. अल्कोहोल ०.५ टक्क्यापर्यंत उतरवलं की ती २२०२मध्ये जाते, नुसतं पेय म्हणून. स्वयंपाकासाठी तयार केलेली आणि त्यामुळे पिण्यालायक न राहिलेली वाइन २२व्या चॅप्टरमध्येच राहत नाही. हे फरक किरकोळ नाहीत, कारण हेडिंग बदललं की ड्युटीही बदलू शकते. २०२१च्या अर्थसंकल्पात वाइनवरची १५० टक्के ड्युटी ५० टक्के मूळ शुल्क आणि १०० टक्के कृषी अधिभार अशी विभागली गेली. बेरीज तीच राहिली.

दिवाळीच्या भेटपेट्यांबद्दलही दरवर्षी विचारणा होते. एका पेटीत वाइन आणि व्हिस्की एकत्र बांधली म्हणून त्यांचा ‘सेट’ होत नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात अगदी हेच उदाहरण आहे : दोन बाटल्या, दोन हेडिंगं.

२०११पासून वर्गीकरण आधी आयातदारानेच करायचं असतं, त्यामुळे चुकीचं ओझंही त्याच्यावरच येतं. म्हणून माझ्या वायनरीवाल्या मित्रांना एवढीच विनंती आहे : माल बोटीवर चढण्याआधी नमुना मागवा आणि तो कशाचा आहे ते स्वतः बघा. ‘अ‍ॅक्सेसरीज’ हा शब्द इनव्हॉइसवर येऊ देऊ नका. तरीही शंका उरलीच, तर माल मागवण्याआधी आगाऊ निर्णय मागता येतो. त्याचं प्राधिकरण मुंबईतच आहे.