बळदातली गोष्ट



इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळ्या पाठ करायच्या म्हटलं की तुम्हाला कंटाळा येतो ना? पण त्याच लढाया पडद्यावर दिसू लागल्या की जेवणाचं ताट समोर येऊनही लक्ष नसतं! आता तर मोबाइलवर बोट फिरवलं की इजिप्तचे पिरॅमिड, मोहेंजोदडोचं स्नानकुंड, दुसरं महायुद्ध, सगळं हजर. मलाही असे माहितीपट फार आवडतात. पण अशाच एका माहितीपटापायी मी माझा जिवाभावाचा दोस्त गमावून बसलो होतो. ती गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

साल १९८८. मी लोह्याला सातवीत होतो. तेव्हा लोहा कंधार तालुक्यात होता. आमच्या गल्लीत एकच टीव्ही, तोही काळा-पांढरा. त्या नोव्हेंबरात दूरदर्शनवर ‘भारत एक खोज’ ही मालिका सुरू झाली आणि रविवारी त्या घरात पाय ठेवायला जागा राहीना. एक जण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, “आलं का?” खालून आम्ही, “आलं, आलं... गेलं!” पडद्यावर मुंग्या आणि मुंग्यांमधून चालणारं सम्राट अशोकाचं सैन्य!

पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या ग्रंथावर ही त्रेपन्न भागांची मालिका श्याम बेनेगल यांनी केली होती. हडप्पा, कलिंगचं युद्ध, शिवाजी महाराज, १८५७... काय काय पाहिलं आम्ही! एकदा मात्र माझा गोंधळ उडाला. ओम पुरी आधी अशोक झाले होते, पुढे तेच औरंगजेब होऊन आले. मी म्हणालो, “हे कसं काय?” माझा बाकावरचा दोस्त हसून म्हणाला, “अरे, खेळ आहे तो. माणूस तोच, टोपी बदलली!” हे वाक्य लक्षात ठेवा हं. मी नेमकं तेच विसरलो.

पुढच्या वर्षी सतरा सप्टेंबर आला. हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, तरी आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेरा महिने अडकून होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोक लढत होते आणि कासीम रझवीचे रझाकार गावागावांत दहशत घालत होते. हा रझवी दूरचा कुणी नव्हे, आपल्या लातूरला वकिली करणारा. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेने आत शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार मानली.

याच कारवाईवरचा माहितीपट एका संध्याकाळी पटांगणात पडदा बांधून आम्हाला दाखवला. रणगाडे, धुरळा, जनरल चौधरींपुढे शरण आलेला निजामाचा सेनापती! आमच्या अंगावर नुसते रोमांच.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खेळ ठरला. मी जनरल चौधरी. आणि रझाकार कोण? सगळ्यांची बोटं एकाच दिशेला वळली. माझ्या दोस्ताकडे. का? तर तो मुसलमान, म्हणून. पहिल्या दिवशी तो गुपचूप झाला रझाकार. दुसऱ्या दिवशीही झाला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “आज दुसऱ्या कुणाला तरी करा ना.” आणि मी, त्याच्या डब्यातला अर्धा घास रोज खाणारा मी, सगळ्यांदेखत म्हणालो, “तूच हो! तुमच्या घरचे सगळे रझाकारच होते.”

तो काहीच बोलला नाही. दप्तर उचललं आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या बाकावर बसू लागला.

चार दिवसांनी आजी ओसरीवर ज्वारी पाखडत होती. मला म्हणाली, “कामून रे, तुजा दोस्त दिसंना झालाय?” मी आधी थापा मारल्या. पण आजीपुढे थापा किती टिकणार? शेवटी सगळं सांगितलं. वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. पण तिने सूप खाली ठेवलं आणि मला माजघरात नेलं.

आमचं घर माळवदाचं. जाडजूड मातीच्या भिंती आणि आतल्या अंगाला बळद. तुमच्यापैकी कितीजणांनी बळद पाहिलंय? भिंतीआडची अंधारी कोठी असते ती, धान्य साठवायची. आजीने बळदाच्या तोंडाशी हात टेकला आणि सांगू लागली.

“मी नवी नवरी व्हते तवा. रझाकार येनार म्हनून आवई उठली की आमी बायका ज्वारीच्या रानात जाऊन बसायचो. रात रात. लेकरू रडलं की त्याच्या तोंडावर हात दाबायचा. मंग मिल्ट्री आली, रझाकार पळाले. आमाला वाटलं, सुटलो बाबा. पन दोन दिसांनी दुसरीच मान्सं आली. हातात कुऱ्हाडी. मुसलमानाची घरं कुठं हायती म्हनून इचारायला लागली. तुज्या दोस्ताची दादी तवा माज्याच वयाची, कडंवर लेकरू. भादव्यात बळद रिकामंच आसतंय. तुज्या आजोबानं त्या दोगांला हितं उतरवलं. तीन दिस. मी वरून भाकर सोडायचे.”

मी विचारलं, “ती कुऱ्हाडवाली माणसं कोण होती?”

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपलीच, लेकरा. वळखीची.”

मित्रांनो, पडद्यावर हे काहीच आलं नव्हतं. कॅमेरा होता हैदराबादेत, जनरलसाहेबांच्या समोर. लोह्यातल्या बळदात तो कसा पोचणार?

मोठा झाल्यावर मी शोधून शोधून वाचलं. शोएबुल्ला खान नावाचे एक तरुण संपादक हैदराबादेत ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक चालवत. संस्थान भारतात विलीन झालं पाहिजे असं ते उघडपणे लिहीत. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. म्हणजे रझाकारांशी झुंजलेले मुसलमानही होते! आणि पोलीस कारवाईनंतर जे घडलं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. हजारो निरपराध मुसलमान मारले गेले, असं तिने कळवलं. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला नांदेडही होता. तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही.

मग मुक्तिसंग्राम खोटा का? मुळीच नाही. रानात रात्र काढणारी माझी आजी खरी आणि बळदात तीन दिवस काढणारी दादीही खरी. दोघींची भीती तितकीच खरी होती.

दुसऱ्या दिवशी आजीने धपाट्यांची पुरचुंडी बांधून दिली. मी त्याच्या बाकाशी जाऊन उभा राहिलो. काय बोलावं सुचेना. त्यानेच मान वर केली. “आज रझाकार कोण?” मी म्हणालो, “मी.” त्याने सरकून जागा दिली. धपाटे मात्र जवळजवळ सगळे त्यानेच खाल्ले!

तेव्हापासून कुठलाही माहितीपट बघताना मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. कॅमेरा कुठे उभा आहे? आणि तिथून कोण दिसत नाही? तुम्हीही विचारून पाहा. मजा कमी होत नाही, उलट वाढते.

आता आमचं माळवद नाही, तिथे स्लॅबचं घर आहे. बळदही गेलं. आजी गेली, दादीही गेली. मी विचारलं म्हणून त्यांची गोष्ट उरली. १९४८ मध्ये जी मुलं दहा वर्षांची होती, त्यांनी आता पंचाऐंशी ओलांडली आहे. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी आहे? मग आज संध्याकाळी टीव्ही थोडा वेळ बंद करा आणि त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसा. त्यांना ऐकू कमी येत असेल, तर जरा मोठ्याने विचारा.