सहा कप

जयपूरला आम्ही मंडळीतले पाच जण गेलो होतो. हवामहल पहिल्याच सकाळी उरकला. पुढचे दोन दिवस तिथल्या पास्टरांच्या घरी जायचं, त्यांच्याबरोबर प्रार्थना करायची आणि त्यांना धीर द्यायचा, असं कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं.

सांगानेरमधलं घर दोन भाड्याच्या खोल्यांचं. गच्चीवर घरमालकाची ठशांची कापडं वाळत होती. मी नगरकडच्या सवयीने दारातूनच मोठ्याने 'सलाम' घातला. पास्टर हळू आवाजात 'जय मसीह की' म्हणाले आणि आम्हाला घाईने आत घेऊन त्यांनी दार लोटलं. बाहेरच्या खोलीत मुलगी बारावीचा अभ्यास करत होती. रात्री सगळे तिथेच झोपतात, आणि रविवारी गाद्या गुंडाळून सतरंजी अंथरली की तेच चर्च. माझे वडील पाळक होते, असं मी मुलीला सांगितलं, तर ती गोंधळली. हिंदीत पालक म्हणजे भाजी!

वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात होते. वर्षातून एकदा परदेशी पाहुणे येत. आई आदल्या दिवशी आळीतून कपबशा गोळा करी, आम्हा भावंडांना धुतलेल्या कपड्यांत ओळीने उभं करी. फोटो निघत. ते आम्हाला कधीच पाहायला मिळाले नाहीत. पाहुण्यांच्या जेवणाची वाण्याकडची उधारी मात्र पुढे महिनाभर फिटत राही.

पण आमची अडचण तेवढीच होती. नगरला अमेरिकन मराठी मिशन १८३१ सालीच आलं. नारायण वामन टिळकांची भजनं आम्ही टाळ-पेटीवर म्हणायचो, तेव्हा ओट्यावर बसून ऐकणाऱ्यांत वारकरीही असत. आमचं ख्रिस्ती असणं गावाच्या अंगवळणी पडलं होतं. राजस्थानात २०११च्या जनगणनेत ख्रिस्ती ०.१४ टक्के, म्हणजे हजारात एक-दीड माणूस. शिवाय २०२५च्या सप्टेंबरात तिथल्या विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. आम्ही गेलो ते त्यानंतरच्या थंडीत. अनोळखी पाच माणसं एका दाराशी उतरणं म्हणजे काय, हे आमच्या पत्रिकेत कुठेच नव्हतं.

जेवायला दालबाटी होती. पाळकबाईंनी बाटी कुस्करून वर तुपाची धार धरली. मी ताटावर आडवा हात धरला, तर त्यांनी माझी बोटं बाजूला सारून वाढलं. मग चहा आला. सहा कपांपैकी पाच एकसारखे, निळ्या फुलांचे. सहावा, कान तुटलेला, बाईंनी स्वतःसाठी ठेवला. पास्टरांनी स्टीलच्या पेल्यातून घेतला.

"कशासाठी प्रार्थना करू या?" आमच्या प्रमुखांनी विचारलं. सेवा वाढावी, असं काहीतरी ऐकायची आमची तयारी होती.

"घरमालकाने अकरा महिन्यांचा करार पुन्हा करावा, एवढंच," बाई म्हणाल्या.

प्रार्थना झाली. आमेन म्हणता म्हणता प्रमुखांनी मोबाइल काढला. मुलगी मधे, आपण सगळे मागे, दार उघडलं की उजेड चांगला येईल. पास्टर उठले, पण त्यांची नजर दाराच्या कडीवर होती. पाहुण्याला नाही म्हणायचं कसं, हा पेच मी त्या चेहऱ्याआधी माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

"फोटो नको," मी म्हणाले. जरा जोरातच.

"अहवालाला लागतो, ताई."

"मग अहवालात लिहा, की जेवलो."

कुणी काही बोललं नाही. प्रमुखांनी मोबाइल खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मलाही त्याचं वाईट वाटलं, कारण माणूस वाईट नव्हता.

निघताना पास्टरांनी आम्हाला दोघादोघांनी बाहेर पाठवलं. माझी पाळी शेवटची होती. तोवर मी मोरीपाशी बसून कप विसळले. बाई नको नको म्हणत होत्या, आणि निळे कप पुसून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. कान तुटलेला मी वेगळा ठेवला.

"हा कुणाचा?"

"हा आमचा. बाकीचे शेजारणीचे. तिच्या घरची माणसं कामावरून यायच्या आत परत द्यायचेत."