हात कुठे थांबला?

कॉलेजांत, बचत गटांच्या मेळाव्यांत, कधी एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर मला कायद्यावर बोलायला बोलावतात. बोलून झालं की एक प्रश्न हमखास येतो : "मॅडम, रस्त्यात कुणी अंगावर आलं तर आपण किती मारू शकतो?" विचारणारी बहुधा एखादी तरुण मुलगी असते, आणि शेजारी बसलेली तिची आई परस्पर उत्तर देऊन टाकते, "आपण हात उचलायचाच नाही गं, उद्या आपल्यावरच केस व्हायची." फौजदारी वकिलीत केस गेले म्हणून सांगते, आईची भीती खोटी नाही. पण कायदा तिच्या लेकीच्या पाठीशी किती भक्कम उभा आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

स्वसंरक्षणाची कलमं 1860 पासून दंड संहितेत 96 ते 106 अशी होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ती 34 ते 44 झाली, आशय जवळजवळ तोच राहिला. मेकॉलेच्या आयोगानं 1837 साली मसुदा केला तेव्हाच टिपणात म्हटलं होतं, की इथल्या माणसांच्या या हक्काला कुंपणं घालण्यापेक्षा त्यांची प्रतिकाराची हिंमत वाढवणं जास्त गरजेचं आहे. परक्या सरकारचे हिशेब काहीही असोत, कलमं उदार उतरली. आपल्यासाठीच काय, बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईसाठीही हात उचलता येतो. समोरचा वेडा असो की दारूनं झिंगलेला, हक्क तोच राहतो. आधी मार खाऊन दाखवावा लागत नाही. अंगाला धोका आहे अशी वाजवी भीती वाटली, तिथपासून हक्क सुरू होतो. आणि कलम 38 तर स्पष्टच सांगतं, की जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी भीती असेल, बलात्काराचा हेतू असेल, कुणी पळवून नेत असेल, अ‍ॅसिड फेकत असेल, तर बचावात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नाही. अ‍ॅसिडचा उल्लेख 2013च्या दुरुस्तीनं आला. जबर दुखापत म्हणजे काही भयंकरच लागतं असंही नाही. हाड मोडणं, दात पडणं हेसुद्धा त्या व्याख्येत बसतं.

मग हत्याराला हत्यार जुळावं लागतं का? त्याच्या हातात काठी, तुमच्या हातात भाला, म्हणजे तुम्ही हद्द ओलांडली का? देव नारायण खटल्यात उच्च न्यायालयानं तसंच धरलं होतं. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं : डोक्यात बसलेली एक लाठीही माणूस जागच्या जागी मारू शकते, मग भाला चालवणाऱ्याला दोष कसा द्यायचा? 2010च्या दर्शनसिंग निकालात या हक्काची दहा तत्त्वं एकत्र मांडली आहेत. संकटात सापडलेल्या माणसाचा प्रत्येक फटका सोन्याच्या तराजूत तोलू नका, हा त्यांचा गाभा. हे सगळं मी कोर्टात वाचून दाखवते आणि न्यायाधीश मान डोलावतात.

खटला अडतो तो दुसऱ्याच ठिकाणी.

माझ्याकडचं एक प्रकरण. पहाटेची वेळ, भाजीचा टेम्पो पंक्चर झालेला, चालक चाक बदलत बसलेला. दोघं पिऊन आले, पैसे मागायला लागले. एकानं बाटली फोडली. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही चालू होता, त्यामुळे पुढचं सगळं चित्रात आहे. चालकाच्या हातात टामी होती. पहिला फटका मनगटावर बसला, बाटली खाली पडली. दुसरा धावून आलेल्याच्या खांद्यावर, तो मागे पळाला. बाटलीवाला तोवर मनगट धरून रस्त्यावर बसला होता. तिसरा फटका त्याच्या डोक्यात बसला. दवाखान्यात काही दिवसांनी तो गेला.

सरकारी वकिलांनी पहिल्या दोन फटक्यांबद्दल शब्दही काढला नाही. सगळी उलटतपासणी त्या तिसऱ्यावर. बसलेला माणूस काय करणार होता? बाटली कुठे होती? तुमच्या आणि त्याच्या मध्ये किती अंतर होतं? पूर्वतयारी नव्हती, बचाव करताना प्रामाणिकपणे हद्द ओलांडली गेली, म्हणून कोर्टानं खून न धरता सदोष मनुष्यवध धरला. चालक तुरुंगात गेलाच. पहिल्या दोन फटक्यांसाठी त्याला कुणी एक रात्रही आत बसवलं नसतं.

आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांनी 1962 साली जयदेव खटल्यात हीच रेघ आखून दिली. हल्ला करणारे पळत सुटले, धोका ओसरला, की हक्कही तिथेच संपतो. त्यानंतर लांबून झाडलेली गोळी ही बचावाची नव्हे. इतक्या वर्षांत या विचारात फारसा बदल झालेला नाही. म्हणून "किती मारू" या प्रश्नाला मी "कुठवर" असं विचारून उत्तर देते. त्याचा हात सुटला, तो पडला, तो वळला, की तुमचं काम झालं. कराटेच्या वर्गांत पाडल्यानंतरचे दोन फटके मन लावून शिकवतात. त्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की मारून मागे सरायचा, ओरडत उजेडाकडे पळायचा सराव तितकाच घ्या. घाबरलेलं शरीर सरावातलंच करतं.

मोबाईल आणि मंगळसूत्राचं गणित थोडं वेगळं आहे. चोर माल घेऊन निसटेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत मालमत्तेच्या बचावाचा हक्क चालू राहतो, म्हणून त्याच्या मागे धावणं, त्याला पाडणं चालतं. पण निव्वळ हिसकावून पळणाऱ्याचा जीव घ्यायला कायदा कधीच परवानगी देत नाही. आणि पकडला, चार जणांनी दाबून धरला, की हक्क संपला. त्यानंतर जमाव "हात साफ" करतो ती सरळ मारहाण आहे. 1 जुलै 2018ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून मंगळवेढ्याकडच्या पाच भटक्या, भिक्षा मागून जगणाऱ्या माणसांना लोकांनी ठेचून मारलं. त्यांना कोंडून ठेवलं होतं. कुणालाही कसलाही धोका उरला नव्हता. भीती वाजवी असावी लागते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची अफवा हा भीतीचा आधार होऊ शकत नाही. त्या बातमीनं आजही माझ्या अंगावर काटा येतो.

पुण्यात हल्ली पोरं "सेफ्टीसाठी" म्हणून कोयता बाळगतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातली कित्येक खरोखरच घाबरलेली असतात. पण नऊ इंचांहून लांब पातं म्हणजे आर्म्स अ‍ॅक्टचं कलम 4/25, वर पोलिस आयुक्तांचा मनाई आदेश मोडला म्हणून महाराष्ट्र पोलिस कायद्याचं 37, 135. आणि खरंच हल्ला झालाच, तर "घरून कोयता घेऊन निघाला होता" या एका मुद्द्यावर बचावाची सगळी मांडणी ढासळते. पेपर स्प्रे खुशाल ठेवा, फक्त तोही धोका असतानाच वापरा. जिवाला तसा धोका नसताना स्प्रे मारल्याची केस रद्द करायला कर्नाटक उच्च न्यायालयानं 2024 साली नकार दिला.

आणि नंतरचं. भांडण संपलं की माणसं घरी पळतात. समोरचा मात्र आधी पोलिस ठाण्यात पोचतो, फिर्यादी होतो, आणि मार खाल्लेले तुम्ही आरोपी. 112 लावा, स्वतः जाऊन तक्रार द्या, एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण होत असेल तर दुखापत दाखवून आग्रह धरा. खटला उभा राहिलाच तर "मी तिथे नव्हतोच" हा जबाब नातेवाईक हौसेनं पढवतात. तो कधीही देऊ नका. बचावात मारलं हे दाखवायचं ओझं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 108 प्रमाणे आरोपीवर असतं खरं, पण सरकार पक्षाइतकं जड पुराव्याचं नसतं. तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पटलं की भागतं. त्यासाठी तुमच्या अंगावरच्या खुणा लागतात. वार अडवताना हात चेहऱ्यापुढे जातात, तेव्हा कोपराखाली बाहेरच्या बाजूला वळ उठतात. आरोपीच्या अशा जखमांचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही, तर त्याची अख्खी गोष्टच संशयास्पद ठरू शकते. वळ मात्र चार-पाच दिवसांत फिके पडतात, म्हणून त्याच रात्री सरकारी दवाखान्यात जायचं, डॉक्टरांना दोन्ही हात दाखवायचे आणि एमएलसीत, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत, प्रत्येक वळाची लांबी-रुंदी लिहून घ्यायची.