शिवणीवरची वाफ

ब्लाउजचा डार्ट मशीनवर घातला, तरी तो अजून नुसता दोऱ्याने धरलेला असतो. टोकाशी बारीक फुगा राहतो, शिवणीलगत चुणी उभी असते. मग त्यावर इस्त्री टेकते, वाफ आत शिरते, आणि त्याच सपाट कापडाला अंगाची गोलाई येते. ब्लाउज मशीनवर शिवतात असं म्हणायची पद्धत आहे, पण माझ्या लेखी त्यातलं निम्मं काम इस्त्रीचं. "शिवलंस ना, मग आधी दाबून घे," असं शिवणक्लासच्या बाई सांगायच्या. शिवण आहे तशी दाबायची, मग बोटांनी उलगडून फोडायची आणि त्यानंतरच तिच्यावरून आडवी शिवण न्यायची. हे ज्यांनी पाळलं, त्यांच्या बाह्या कधी वाकड्या लागल्या नाहीत.

म्हणून इस्त्री निवडताना मी आधी वाफेचा विचार करते. सुती धाग्यातल्या सेल्युलोजच्या साखळ्या हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. कापड चुरगळलं की हे बंध नको त्या जागी जुळून बसतात. पाणी शिरलं की ते सुटतात, उष्णता आणि वजन साखळ्यांना सरळ बसवतात, आणि कापड कोरडं होता होता नवे बंध तिथेच जुळतात. त्यातही वाफेची करामत वेगळी आहे. थंड कापडात शिरून तिचं पाणी होतं, तेव्हा ग्रॅममागे सुमारे 2260 ज्यूल उष्णता ती कापडाला देऊन टाकते. कॉलरचे थर, बकरम, दुमडलेली पट्टी, अशा जाडीत कोरडी इस्त्री वरचा थर करपवते तरी आतला गारच राहतो. वाफ मात्र आतपर्यंत पोचते. पण कापड कोरडं होण्याआधी उचललं तर सगळं वाया जातं. शिवण दाबली की वर लाकडाचा गुळगुळीत ठोकळा ठेवावा आणि कापड निवू द्यावं. लाकूड वाफ शोषतं, ऊब धरून ठेवतं, आणि दुमड सुरीने आखल्यासारखी बसते.

दुकानात इस्त्री थंड आणि रिकामी असते, आणि हात फसतो तो तिथेच. ती उचलून बघावी, आणि टाकीत पाव लिटर पाणी मावत असेल तर आणखी पाव किलो वजन मनाने धरावं. हलकी इस्त्री सोयीची असं जाहिराती सांगतात. रोजच्या शर्टांना ती सोयीची असतेच. मनगट दुखत असेल त्याने हलकीच घ्यावी. पण शिवणाऱ्या माणसाला थोडं वजन हवं. नाक्यावरच्या लॉन्ड्रीतली कोळशाची इस्त्री चांगली पाच-सहा किलोंची असते आणि तिच्या घडीला जी धार येते ती उगीच नाही. घरच्या वाफेच्या इस्त्रीचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरतं. त्यात दीड किलोकडे झुकणारी मी पसंत करते, कारण शिवणकामात इस्त्री कापडावरून फिरवायची नसते. ती ठेवायची, दाबायची, उचलायची आणि पुढे ठेवायची. फिरवली की तिरक्या कापाचा गळा ताणला जातो, आणि ताणलेला गळा सहसा पुन्हा जागेवर येत नाही.

पुढचं टोक निमुळतं आहे का, ते शर्टाच्या दोन बटणांमध्ये जातं का, हे पाहावं. तळाला किती भोकं आहेत हे विक्रेता कौतुकाने दाखवतो, पण चिकटणारं बकरम लावताना त्या भोकांखाली पुरेशी उष्णता पोचत नाही आणि तेवढे ठिपके सुटे राहतात. म्हणून दरवेळी इस्त्री थोडी सरकवून ठेवावी लागते. तळ स्टीलचा की सिरॅमिकचा यावर मी फार वाद घालणार नाही; तो गुळगुळीत हवा आणि पुसता यायला हवा.

वाफ बंद करायची कळ मात्र नीट तपासावी. मिनिटाला 20 ते 40 ग्रॅम वाफ घराला पुरते, पण ती मागितल्यावरच यायला हवी. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. एका ठिपक्यावर पाण्याची पुरती वाफ होत नाही, तळातून थेंब गळतात आणि रेशमावर डाग उमटतो. पैठणीला म्हणूनच वाफ नको. उलट्या बाजूने, वर सुती फडकं घालून, मंद आचेवर इस्त्री करावी. नऊवारी असो की सहावारी, जरीच्या काठावर तर घाई नकोच.

विजेचा हिशेब खरेदीआधी घरी करावा. आपल्याकडे हॉल आणि झोपण्याच्या खोलीतले प्लग बहुधा 6 अँपिअरचे असतात. 230 व्होल्टवर ते 1380 वॅटपर्यंतच पुरतात. 2000 वॅटची इस्त्री आणली तर तिला 16 अँपिअरचा मोठा प्लग लागतो, जो बहुतेक घरांत स्वयंपाकघरात किंवा गीझरपाशी असतो. शिवणयंत्र एका खोलीत आणि इस्त्री दुसऱ्या खोलीत, अशी धावपळ झाली की शिवणी दाबायचा कंटाळा येऊ लागतो. आपोआप बंद होणारी इस्त्री लहान मुलांच्या घरात मला हवीच वाटते. फक्त ती किती वेळाने बंद होते हे विचारून घ्यावं, कारण दोन शिवणींमधल्या वेळात ती गार झाली तर लय तुटते.

बोअरच्या पाण्याने टाकीत आणि भोकांत क्षार साचतो आणि एके दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर पिवळट ओघळ येतो. कोणतं पाणी चालेल हे त्या इस्त्रीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच पाळावं. काम झालं की टाकी रिकामी करावी.

बजेट कमी असेल तर स्वस्त, गळकी वाफेची इस्त्री घेण्यापेक्षा जड तळाची साधी इस्त्री घ्यावी असं माझं ठाम मत आहे. जुने शिंपी ओला मांजरपाट पिळून कापडावर पसरत आणि त्यावर इस्त्री टेकवत. वाफ हवी तिथेच येई, हवी तेवढीच येई. आणि एकच इस्त्री घ्यायची तर ती शिवणकामाच्या गरजेने घ्यावी. घरच्या कपड्यांचं तिच्यावर सहज भागतं. उरलेल्या पैशांत मीटरभर मांजरपाट, टेबलावर दुपदरी घालायला एक घोंगडी, आणि सुताराकडून घासून आणलेला सागवानी ठोकळा.