शीळच्या वाटेवरील विलीज

ठाण्याहून मुंब्र्याचा डोंगर मागें टाकून शीळफाट्याशीं डावीकडे वळलें, कीं कल्याणचा रस्ता लागतो. त्याच्या कडेस एका गॅरेजांत १९४८ ची विलीज पिकअप पाहिली. डिझेलच्या स्वस्ताईच्या काळीं मालकाच्या वडिलांनीं तिचें मूळ पेट्रोल इंजिन काढून टाकलें होतें. प्रपंची माणसास त्याचा दोष काय द्यावा? आतां मुलास 'व्हिंटेज' नोंदणी हवी. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें गाडी ५० वर्षांवरची तर हवीच, शिवाय इंजिनांत फेरफार चालत नाहीं.

इकडे सांपडतें तें बहुधा 'हरिकेन'. महिंद्रांच्या जीपगाड्यांतून तें वर्षानुवर्षें आलें. तें चपखल बसलेंही असतें. परंतु विलीजनें पिकअपला तें दिलें १९५० त; त्यापूर्वीचें 'गो-डेव्हिल'. दोहोंचें आकारमान १३४ घनइंचच. मात्र हरिकेनच्या आंत हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर, म्हणून तें उंच. (ह्या उंचीपायींच १९५३ च्या सीजे-३बी जीपचें बॉनेट वर उचललें गेलें!) जाणत्याच्या नजरेंतून हें सुटत नाहीं. मिस्त्री गो-डेव्हिलसाठींच अडून बसला होता.

नोंदणीनंतर ह्या गाडीनें धंद्याचा माल वाहावयाचा नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर यावयाची. डिझेल इंजिन मात्र वडिलांनीं भंगारांत जाऊं दिलें नाहीं. "ह्याच्यावर घर चाललें," एवढेंच म्हणाले, आणि तें गोणपाटांत गुंडाळून कोपऱ्यांत ठेवविलें.